नावांची ओळ

माझ्या हातून एक चूक झाली आणि ती छापून आली. नुसती छापून आली नाही, तर समुद्रापलीकडच्या ग्रंथालयांत जाऊन बसली. आता ती कोणाच्या बापाला दुरुस्त करता येणार नाही. तसं माझं काम सोपं होतं. पान चुकलं तर मशीनमधून ओढून काढायचं, चुरगळून टोपलीत टाकायचं आणि दुसरा कागद चढवायचा. हे एक पान मात्र टोपलीत टाकायचं राहून गेलं.

मी नागपुरात एका वैद्यकीय महाविद्यालयात टायपिस्ट होते. आमचा विभाग सार्वजनिक आरोग्याचा. बाकीच्या विभागांत पेशंट असत, त्यांचे नातेवाईक असत, धावपळ असे. आमच्याकडे तक्ते, कपाटं आणि भिंतीवर जिल्ह्याचा एक मोठा नकाशा. कापणं-शिवणं काही नाही, म्हणून दुसरे डॉक्टर हसायचे. "तुमच्या इथले डॉक्टर गटारं मोजतात म्हणे?" असं एका शिपायानं मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी म्हटलं, हो, आणि तुमच्या घरामागचं कधी मोजायचं तेवढं सांगा. तेव्हापासून तो माझ्या वाटेला गेला नाही.

माझे बाबा गिरणीत होते. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत जात होते. बाबांनी त्या रात्री जेवताना एवढंच सांगितलं, की पोरगी मॅट्रिक होईस्तोवर तिच्या लग्नाची गोष्ट या घरात निघणार नाही. पुढे मी मॅट्रिक झाले आणि बाबा गेले. लग्नाची गोष्ट मग मीच निघू दिली नाही, पण ते असो. घर मायनं चालवलं, बिड्या वळून. ती मूळची कामठीची. तिथल्या कितीतरी गल्ल्या तेव्हा बिड्यांवर जगत. पोरगी मांडीवर सूप धरण्याएवढी झाली की तिला तेंदूची पानं कापायला बसवत. मायची बोटं शेवटपर्यंत तंबाखूच्या रंगाची राहिली. त्या बोटांच्या जिवावर मी टायपिंग शिकले.

विभागात एक बाई डॉक्टर होत्या, व्याख्यात्या. महालातल्या. मराठ्यांच्या राजवटीपासून नागपुरात असलेलं त्यांचं घराणं. पदर कमरेला खोचून सायकलवर यायच्या. बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून मोजकं. पानावर तीन चुका निघाल्या की पान परत यायचं, चुकांखाली पेन्सिलीची बारीक रेघ, बस. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला उलट उत्तर तरी देता आलं असतं. मी नोकरीला नवी होते आणि त्यांना जाम घाबरत होते.

एके दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या ओळखीचं कामठीत कोणी आहे का?"

मी म्हटलं, माझं आजोळच कामठीचं. तेव्हा त्यांनी मला समोर बसवून आपल्या डोक्यातला प्रश्न सांगितला. आई घरात बिड्या वळते. बाजूला लेकरू निजलेलं असतं. घरभर तंबाखूची धूळ. मग त्या लेकराचं वजन कसं वाढतं, त्याला खोकला किती वेळा येतो, आजारी किती पडतं? हे कोणी तरी घरोघर जाऊन, महिन्यामागून महिने बघायला पाहिजे. मी त्या धुळीत वाढलेली. असा काही प्रश्न असू शकतो, हेच मला तोवर सुचलं नव्हतं. मी म्हटलं, रविवारी येते मी तुमच्यासंग.

पहिल्या रविवारी आम्ही बसनं कामठीला गेलो. बाईंच्या पिशवीत स्प्रिंगचा वजनकाटा आणि कापडाची झोळी. काटा घराच्या आढ्याला अडकवायचा, खाली झोळी टांगायची, झोळीत लेकरू ठेवायचं आणि आकडा वाचायचा. गल्लीतल्या बायांनी काटा पाहिला आणि दारं लावून घेतली. आमच्याकडे लेकरू तोलत नाहीत. तोललं की त्याला नजर लागते, ते वाळत जातं. हे मला माहीत नव्हतं थोडंच! पण कचेरीत बसून मी इतकी शहाणी झाले होते, की बाईंना आधी सांगावं हे डोक्यातच आलं नाही. उन्हात दिवसभर फिरून आम्ही एकही वजन न घेता परत आलो.

घरी मायनं विचारलं, "काहून वं, तोंड काहून उतरलं?" मी सगळं सांगितलं. ती हसली. "तुमी दोघी बी येड्याच आहा. पुढच्या इतवारी मी येतो."

पुढच्या इतवारी माय आली. पहिल्या घरात गेली, सरळ बाळंतिणीच्या मांडीवरून लेकरू उचललं आणि झोळीत ठेवायच्या आधी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाय वं, हात माहा आहे. नजर लागन तं मले लागन. तुह्या लेकराले काई होत नाही." आणि ठेवलं लेकरू. बाईंनी आकडा वाचला, मी वहीत लिहिला. मायनं लेकरू उचलून परत आईच्या मांडीवर दिलं आणि आपली दहा बोटं कानशिलांवर मोडली. दुपारपर्यंत शेजारणी आपणच बोलवायला यायला लागल्या.

मग तेच ठरून गेलं. दोन वर्षांहून जास्त आम्ही तिघी रविवारमागून रविवार कामठीला जात राहिलो. माय ठेवणार, बाई वाचणार, मी लिहिणार. दुसऱ्या कोणाच्या हातून बाया लेकरू झोळीत ठेवू देत नसत, बाईंच्या हातूनसुद्धा नाही. एकदा मायला ताप होता तर तो रविवार तसाच बुडाला. उन्हाळ्यात त्या टिनाच्या खोल्यांत जीव नको व्हायचा. घाम वहीवर पडून आकडे पसरायचे, म्हणून मी शाईचं पेन सोडून पेन्सिल धरली. कोणतं लेकरू कोणाचं, कोण माहेरी गेली, कोणाचं गेलं, हे सगळं माय तोंडपाठ सांगायची. गेलेल्या लेकराच्या घरी बाई काटा बाहेर ठेवून जायच्या आणि नुसत्या बसून यायच्या.

एक गोष्ट मी विसरणार नाही. पहिल्या महिन्यात कामठीच्या माझ्या मामीनं बाईंना चहा दिला. महालातल्या बाई, आमच्या घरी. त्या काळी ती साधी गोष्ट नव्हती, आणि ज्यांना ती साधी वाटते त्यांना काय सांगायचं! माय दारात उभी राहून बघत होती. रस्त्यानं येताना मला कोपरानं ढोसून म्हणाली, "प्याली वं. कपातला सारा प्याली." तेव्हापासून बाई माझ्या झाल्या. मग त्यांनी कितीही पानं परत पाठवावीत.

आता माझ्या चुकीचं सांगते.

बाईंनी लेख लिहून काढला. इंग्रजीत, हातानं, बारीक अक्षरात. परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाला पाठवायचा होता. त्याच आठवड्यात माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेचा मजकूर मी करत होते. पत्रिकेत नावं टाकणं म्हणजे जिवावरचं काम, हे घरात लग्न काढलेल्यांना सांगायला नको. आधी वडीलधारे, मग त्यांच्याखालचे, वयानं आणि मानानं. माझ्या आतेभावाच्या पत्रिकेत एका मामाचं नाव धाकट्या काकाच्या खाली गेलं, तर तो मामा मांडवात येऊन न जेवता गेला होता. त्यामुळे मी चार दिवस नावंच वरखाली करत होते.

लेख टाइप होत आला आणि बाईंच्या वडिलांना दवाखान्यात हलवल्याचा निरोप आला. बाई उठल्या. जाता जाता म्हणाल्या, "वरच्या पानावर साहेबांचं आणि माझं, दोघांची नावं घाला आणि आजच रजिस्टर करा. उद्या करू नका."

साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. वयानं मोठे, मानानं मोठे, परदेशी शिकून आलेले. कामठीला ते एकदाही आले नव्हते, पण प्रमुखाचं नाव लेखावर असे, ती रीत होती. मी कागद चढवला. पहिलं कोणाचं आणि दुसरं कोणाचं, असा प्रश्नसुद्धा माझ्या मनात आला नाही. साहेबांचं नाव वर, बाईंचं खाली. शिवाय नावांपुढे पदव्या घालून ओळी नीट मध्यभागी आणल्या. पान इतकं देखणं दिसत होतं की मी स्वतःवर खूश होऊन ते घेऊन पोस्टात गेले.

चार दिवसांनी बाई आल्या. वडील वाचले होते. त्यांनी कार्बनची प्रत मागितली, वरचं पान बघितलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, चुका शोधताहेत. मग म्हणाल्या, "असू दे. पाठवलंत ना? मग असू दे." पेन्सिलीची रेघ नाही, काही नाही. माझं पान पहिल्यांदाच पास झालं, असं मला वाटलं. त्या रविवारी मी मायला ते मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

पुढे छपाईआधी तपासायची प्रूफं आली ती साहेबांच्या नावावर. त्यांनी ती पाहिली, सही केली, परत पाठवली. नावांच्या ओळीवरून त्यांची नजर गेली असणारच. ते काही बोलले नाहीत. बाईही बोलल्या नाहीत. मी तर काय, भावाच्या लग्नात सगळे मामा-काका जेवून गेले याच आनंदात होते.

लेख छापून आला आणि पोस्टकार्डं यायला लागली. तेव्हा झेरॉक्स कुठलं? लेख छापला की त्याच्या सुट्या प्रती लेखकाला मिळत, त्यांना रीप्रिंट म्हणत. जगात कोणाला तो लेख हवा असला की तो छापील पोस्टकार्ड पाठवायचा, की आपल्या अमुक लेखाची एक प्रत कृपा करून पाठवावी. आमच्या विभागात असली कार्डं क्वचित यायची. या लेखाची येतच राहिली. ज्या देशांची नावं मी भूगोलात पाठ केली होती त्यांची तिकिटं माझ्या टेबलावर पडायला लागली. सगळी कार्डं साहेबांच्या नावावर. साहेब प्रतीवर सही करायचे, मी पाकिटं करायची. तिकडच्या परिषदेचं बोलावणं आलं, ते साहेबांना. साहेब जाऊन आले. येताना त्यांनी विभागात सगळ्यांना चॉकलेटं वाटली आणि बाईंनीही एक घेतलं.

मला अजून काही कळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. साहेबांना मोठे म्हणून कार्डं येतात, असं मला वाटायचं. मामीच्या गल्लीतल्या लेकरांबद्दल कोणी तरी दूरदेशी वाचतंय, याचंच मला अप्रूप. मी ते मायला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याईले काय करायचं आपल्या लेकराईचं?"

अशी काही वर्षं गेली. बाई व्याख्यात्याच्या रीडर झाल्या, प्राध्यापकाच्या एक पायरी खाली. साहेबांची निवृत्ती जवळ आली आणि प्राध्यापकाची जागा निघाली. बाईंशिवाय ती कोणाला मिळणार, असं विभागातला शिपाईही म्हणत होता. पण बाहेरचेही एक अर्जदार होते, दिल्लीकडचे. आणि अर्जाच्या नमुन्यात या वेळी एक नवीन रकाना होता. नुसते लेख किती छापले एवढं नव्हे, तर आपल्या लेखांचा उल्लेख जगात इतर संशोधकांनी किती वेळा केला, तेही लिहायचं होतं.

शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात त्याची सूची होती. बाईंनी मला चिठ्ठी देऊन पाठवलं. जाड जाड ग्रंथांची रांगच्या रांग. त्यात लेख नसतात. कोणाच्या लेखाचा उल्लेख नंतर कोणकोणत्या लेखात आला, एवढीच यादी असते, मुंगीएवढ्या अक्षरांत. तिथल्या ग्रंथपालांनी मला भिंग दिलं. मी बाईंचं आडनाव काढलं. त्यांच्या दुसऱ्या एका छोट्या लेखाखाली दोन ओळी होत्या. कामठीच्या लेखाचा पत्ता नाही. मी पुढच्या वर्षाचा ग्रंथ काढला. नाही. त्याच्या पुढचा काढला. नाही.

मला वाटलं, यांचं पुस्तकच चुकलेलं आहे. मी ग्रंथपालांकडे गेले आणि जरा आवाज चढवूनच विचारलं, की ज्या लेखाला पोतंभर कार्डं आली तो इथं नाही म्हणजे काय?

त्यांनी शांतपणे विचारलं, "लेखावर पहिलं नाव कोणाचं आहे?"

मी साहेबांचं सांगितलं.

"मग तिथं बघा. या सूचीत पहिल्या नावाखालीच सगळं लागतं. दुसऱ्या नावाचा माणूस या पुस्तकाला माहीत नाही."

मी साहेबांचं नाव काढलं. होता लेख. त्याखाली ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ. पुढच्या वर्षी आणखी ओळी. मी भिंग धरून एकेक ओळ उतरवायला लागले आणि तिसऱ्या ओळीपाशी माझा हात थांबला. ते पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी मध्यभागी आणलेलं, देखणं. साहेबांचं वर, बाईंचं खाली. हे मी केलं. त्यांच्या सगळ्या रविवारांवर मी माझ्या हातानं दुसऱ्याचं नाव घातलं. तिथं टेबलावर डोकं ठेवून मी रडले. ग्रंथपाल बिचारे पाणी घेऊन आले.

परत आले तेव्हा बाई अर्ज समोर घेऊन बसल्या होत्या. "सापडलं?" त्यांनी विचारलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पत्रिकेचं, मामाचं, सगळं. त्या ऐकत राहिल्या.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग बोलल्या काहून नाही?" कचेरीत मी कधी घरचं बोलत नसे, पण त्या दिवशी भान नव्हतं.

"काय बोलणार होते? साहेबांच्या खोलीत जाऊन सांगू, की तुमचं नाव खाली घ्या आणि माझं वर घाला? तुम्ही सांगितलं असतं?"

"हो," मी म्हटलं. "मी सांगितलं असतं."

"तुम्ही सांगितलं असतं खरं," त्या म्हणाल्या आणि अर्जाकडे वळल्या. त्या रकान्यात त्यांनी दोन हा आकडा लिहिला. मी बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी कोणालाही न विचारता साहेबांच्या खोलीत गेले. म्हटलं, साहेब, कामठीचं काम बाईंचं होतं असं पत्र तुम्ही निवड समितीला द्यायला पाहिजे. साहेब वाईट माणूस नव्हते. थोडा विचार करून म्हणाले, "द्यायलाच पाहिजे. घ्या, लिहा." मी मशीन आणवलं आणि ते सांगायला लागले. माझ्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या अभ्यासात त्यांनी मला मोलाचं साहाय्य केलं, असं वाक्य आलं. माझी बोटं थांबली.

"पुढं लिहा," साहेब म्हणाले.

"हे मी टाइप करत नाही," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. साहेबांचा चेहरा लाल झाला. पण माझं तोंड थांबेना. "साहेब, साहाय्य कोणी कोणाला केलं? तुम्हाला कामठीत कोणती गल्ली कुठं निघते ते माहीत आहे का? नावं मी चुकून वर-खाली केली. मला काही माहीत नव्हतं. तुम्हाला तर माहीत होतं ना!"

आता नोकरी गेली, असं वाटलं. साहेब खिडकीकडे वळले. म्हणाले, "तुम्ही जा."

दुसऱ्या सकाळी त्यांनी एक लिफाफा माझ्या हातात दिला, बाईंना द्यायला. आत त्यांच्या हातानं लिहिलेलं पत्र होतं. बाईंनी ते वाचलं आणि मलाही वाचायला दिलं. साहेबांनी लिहिलं होतं की कल्पना बाईंची, काम बाईंचं, लेखन बाईंचं. मी कामठीला एकदाही गेलो नाही. पहिलं नाव माझं पडलं हे मला छपाईआधी दिसलं होतं आणि मी गप्प राहिलो.

माझे डोळे भरून आले. जिंकलो, असंच वाटलं. आणि बाईंनी काय करावं? पत्राची घडी घातली, आपल्या पर्समध्ये ठेवली आणि अर्ज तसाच पाकिटात घातला.

"लावत नाही?"

"नाही. त्यांनी लिहिलं, मला मिळालं. निवृत्तीच्या महिन्यात माणसाला चार लोकांपुढं उघडं कशाला पाडायचं?"

मला राग आला, बाईंचाच आला. असला मोठेपणा काय चाटायचा आहे? मी तसं म्हटलंही, एवढ्याच शब्दांत. मुलाखत झाली. समितीनं त्या दोन आकड्याबद्दल विचारलं आणि बाईंनी दोन म्हणजे दोनच सांगितलं. जागा दिल्लीच्या गृहस्थांना गेली. त्यांचं स्वागताचं पत्र मीच टाइप केलं आणि बाईंनी त्यावर विभागातर्फे सही केली. मी पुढे आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले, जणू त्यांनीच माझं काही बिघडवलं होतं.

बाई रीडर म्हणूनच राहिल्या. निवृत्तीला थोडा काळ उरला तेव्हा एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "तीच लेकरं आता कशी आहेत, बघू या का?" झोळीतली लेकरं तोवर मिसरूड फुटलेली, पोरी लग्नाला आलेल्या. आम्ही पुन्हा रविवारी निघालो. मायचे गुडघे गेले होते, तरी ती आली. कोणतं घर कुठं हललं, कोणती पोर आता कोणाची सून आहे, हे तिच्याशिवाय कोण सांगणार? ती दारात उभी राहून एखाद्या पोराला म्हणायची, "तुले म्या झोळीत ठेवलं होतं रे." मग त्या घरात आम्हाला नाही म्हणायची कोणाची टाप नसे. पोरं आता जमिनीवरच्या काट्यावर आपली आपण उभी राहत. बाई वाचायच्या, मी लिहायची. कितीतरी पोरी मांडीवर सूप घेऊन बसलेल्या होत्या.

लेख तयार झाला. या वेळी नावांची ओळ बाईंनी स्वतः लिहून दिली होती. पहिलं त्यांचं, आणि दुसरं माझं.

मी म्हटलं, "बाई, हे काय? मी टायपिस्ट आहे."

"एवढी वर्षं वजनं कोणी लिहून घेतली? खोकल्याचे प्रश्न कोणी विचारले? मला त्यांची बोली तरी येत होती का?" त्या खुर्चीत बसल्या. "तुम्ही नावांची चूक केली म्हणून इतकी वर्षं स्वतःला खात राहिलात. त्या पानावर तुमचं नाव नव्हतं, हे तुमच्या एकदाही मनात आलं नाही?"

नव्हतं आलं. खरंच नव्हतं आलं.

"माझ्याही नव्हतं आलं," बाई म्हणाल्या. "साहेबांचं पत्र वाचलं त्या दिवशी आलं. साहेबांनी माझं जे केलं तेच मी तुमचं केलं होतं. मला निदान नावांच्या ओळीत दुसरी जागा होती. मग ते पत्र मी कोणत्या तोंडानं लावणार होते?"

मी आठ दिवस फुगून बसले होते, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कागद चढवला. बाईंच्या नावाखाली माझं नाव टाइप केलं. रजेच्या अर्जाशिवाय मी ते कधी टाइप केलं नव्हतं.

लेख छापून आला तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या. सुट्या प्रतींचं पाकीट विभागात आलं आणि त्यातली एक प्रत घेऊन मी धावत घरी गेले. माय अंगणात बाजेवर बसली होती. तिला वाचता येत नाही आणि तोवर दिसतही कमी होतं. मी प्रत तिच्या मांडीवर ठेवली. "माय, कामठीचं छापून आलं. अठी वर नावं आहेत. हे पयलं डाक्टरीनबाईचं."

तिनं कागद हातानं चाचपला. मग विचारलं, "अन माह्यं कोठी आहे?"

ती रागावून विचारत नव्हती, टोमणा नव्हता. आपलं नाव असणारच आणि ते कुठं आहे एवढंच विचारत होती. लेकरू झोळीत ठेवणारा हात तिचा. नजर लागेल तर मला, असं म्हणणारी ती. आणि आम्ही दोघी शहाण्या बायका त्या टेबलाशी बसून एकमेकींना न्याय देत होतो.

मी तिचं बोट धरलं आणि माझ्याच नावावर ठेवलं. "हे काय, अठी. दुसरं तुह्यं."

ते पिवळं बोट त्या अक्षरांवरून हळूहळू फिरलं. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"अन तुह्यं?" तिनं विचारलं.

"माह्यं नाही, माय."

"नाही? काहून नाही वं?" ती ताठ बसली. "लिवून तं सारं तूच घे. रातदिवस टिपटिप तूच करे. अन तुह्यंच नाव नाही? असं कसं? कोठी राह्यते ते डाक्टरीन, महालातच नं? चाल, आत्ताच जातो मी. तिले इचारतो." आणि गुडघे धरून ती खरोखरच उठायला लागली, पायानं चपला शोधायला लागली.

मी तिला दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं. "असू दे, माय," मी म्हटलं. "छापून आलं ना? मग असू दे."